आतून लागणारं झाकण

गॅसचं कनेक्शन त्यांच्या नावावर, ते तिकडेच राहिलं.
कुकर माझ्या नावावर. बाजूला बारीक टिंबांनी कोरलंय :
चि. सौ. कां. वत्सला हिस,
एकलहरे कॉलनी भगिनी मंडळाकडून, १६-५-९१.
त्यातला 'त्स' फुटका. कोरणाऱ्याला जोडाक्षर जमलं नव्हतं.
तेवढा पिशवीत घातला आणि जेलरोडला आले,
गायधनींच्या वरच्या खोलीत.

इथे कॉईलची शेगडी.
लाल व्हायला वेळ लावते,
काळी व्हायला त्याहून जास्त.
पहिल्या दिवशी गॅससारखीच वापरली.
तीन शिट्ट्या झाल्या, बटण फिरवलं, कपडे वाळत घालायला वळले.
चौथी झाली. पाचवी.
बंद केलेल्या शेगडीवर कुकर एकटाच बोलत राहिला,
आणि खालून गायधनीकाकू : "अहो, किती जणांचं शिजवताय?"

दादांना फोन लावला.
बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस,
आता सामनगावात भावाकडे, एका कानानं ऐकतो.
"बटण बंद केलं म्हणजे ताप संपला, असं असतंय का?
आम्ही युनिट बंद करायचो,
दुसऱ्या दिवशीसुद्धा हात लावायची टाप नसायची.
शेजारी पाट ठेव, कोरडा.
शेवटच्या शिट्टीच्या आधीच बटण फिरव,
आणि शिट्टी झाली की सरळ उचल.
हिसका द्यायचा नाही."

मग मी जणू नवी हेल्पर, असं एकेक विचारत गेले.
रबर किती जुनं? ताणलं की भेगा दिसतात?
मग लगेच टाक, उद्या नाही.
पाणी किती घालतेस? डाळ निम्म्याच्या वर नाही ना?
प्लग मोठा आहे का, पंधराचा?
"झाकण उजेडाकडे धर. शिट्टी काढ. नळीतून बघ."

खिडकीशी गेले.
नळीत वाळलेलं एक शीत होतं, सुईनं काढलं.
मग मोहरीएवढा उजेड दिसला,
आणि झाकण जरा हललं तेव्हा त्या मोहरीत
एकलहऱ्याचं धुराडं.
"दादा, तुमचं धुराडं दिसतंय."
"चालू आहे का?"
"थोडा धूर आहे."
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

तिथे वाफेची वीज करतात.
मी तिची इथे पुन्हा वाफ करते,
दीड वाटी तूरडाळीसाठी.

भद्रकालीत इद्रिसभाईंनी रबर दिलं, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला,
दांड्याचा स्क्रू आवळला.
कुकर फरशीवर ठेवून भोवऱ्यासारखा फिरवून पाहिला.
"ठोकून सरळ करत नाही, ताई. ठोकलेला मी माझ्या घरीही चढवत नाही.
आज डुलत नाहीये. ज्या दिवशी गरगरेल,
त्या दिवशी नाव न वाचता भंगारात द्या."

हे झाकण आतून लागतं.
आत जितका जोर, तितकं घट्ट.
बाहेरून ओढून उपयोग नसतो.
ओढून पाहिलं ना सगळ्यांनी, इतकी वर्षं,
नणंदेनं, शेजारणीनं, एकदा समुपदेशनवाल्या बाईंनीही :
बोल गं, मोकळी हो.
खालची शेगडी सरकवावी
असं कोणाच्याच मनात आलं नाही.

आज तिसऱ्या शिट्टीला पाटावर घेतला.
कॉईल मागे तशीच लाल, रिकामी,
कोणावर तापलीय ते विसरल्यासारखी.
मी स्टुलावर बसले. पाणी ओतलं नाही,
शिट्टी चमच्यानं उचकटली नाही.
आठ मिनिटं. नऊ.
तोवर गायधनी वर येऊन सांगून गेले
की मीटर फार पळतोय.

मग टक.
झाकण आपलं आपण आत पडलं.

फोनवर दादा : "पडलं?"
"पडलं."
"मग आता जेव."

डाळ जरा कचवटच होती.
त्यांना सांगितलं नाही.